बाळंतिणीची शेक-शेगडी (कोल्हापूर परिसर)

प्रसूतीनंतर साधारण सव्वा महिना बाळंतिणीला तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालणे, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून कंबर, पाठ व ओटीपोट शेकणे, धुरी देणे आणि पोट बांधणे या उपचारांचे एकत्रित नाव. पथ्याचा आहार त्यातच धरला जातो. वेणांनी शिणलेले अंग मोकळे व्हावे, कंबर धरू नये, अंगावरून नीट जावे, दूध यावे आणि ‘वारा लागू नये’ हे यामागचे हेतू सांगितले जातात. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणाऱ्या या रीतीचे कोल्हापूर जिल्ह्यातील रूप येथे विचारात घेतले आहे.

क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो. सकाळी न्हाऊ घालणारी बाई येते. आधी बाळंतिणीचे आणि मग बाळाचे, किंवा उलट, अंग रगडले जाते. पाण्यात निर्गुडीचा पाला उकळलेला असतो. न्हाणे झाले की डोके बांधून बाळंतीण बाजेवर आडवी होते. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वेखंड, लसणाच्या साली टाकतात. सुंभाने विणलेल्या बाजेतून ऊब आणि धूर वर येतो. शेवटी मऊ जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने पोट आवळून बांधतात.

उगम : या रीतीचा उगम आयुर्वेदीय सूतिकापरिचर्येत (सूतिका म्हणजे बाळंतीण) आहे, असे सामान्यतः लिहिले जाते. ते अंशतःच खरे आहे. शेक-शेगडीतले घटक सुटे करून पाहिल्यास प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या वजनाचा असल्याचे दिसते.

पोट बांधण्याचा आधार सर्वांत पक्का आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात (अध्याय 8) सूतिकेच्या पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने वेढावे, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेत वायू विकार करीत नाही, असे सांगितले आहे. पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांचे चूर्ण स्नेहातून (तूप-तेलातून) देण्याचा विधीही तेथेच आहे. आजच्या सुंठवड्याशी त्याचे नाते जोडता येते, पण मधल्या शतकांचे दुवे हाती नसल्याने ते सिद्ध झाले असे म्हणता येत नाही.

धुरीचा आधारही बऱ्यापैकी बळकट आहे. काश्यपसंहितेच्या खिलस्थानातील सूतिकोपक्रमणीय अध्यायात प्रसूतीनंतर योनिस्वेदन (योनिभागाला शेक) आणि कोष्ठ (उपलेट), गुग्गुळ व अगुरू तुपात कालवून त्यांची धुरी देण्यास सांगितले आहे. कोमट बलातेलाने भरलेल्या चामड्याच्या आसनावर सूतिकेला बसवण्याचा उल्लेखही याच ठिकाणी येतो. शेकण्याची कल्पना यात आहे, साधन मात्र निराळे आहे.

खरा प्रश्न शेगडीचा आहे. चरक सूतिकागारात अग्नी सतत पेटता ठेवायला सांगतो, त्यासाठी टेंभुर्णीच्या लाकडाचा नावानिशी उल्लेख करतो. दाराला हिंग, मोहरी, जवस, लसूण इत्यादींची पुरचुंडी बांधायलाही सांगतो. या अग्नीचा हेतू संदर्भावरून रक्षणाचा दिसतो, अंग शेकण्याचा नव्हे. खाटेखाली निखारे ठेवण्याचा विधी चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या ग्रंथांत, म्हणजे बृहत्‌त्रयीत नाही. याउलट बाळंतिणीला आगीजवळ किंवा आगीवर बांधलेल्या मंचकावर निजवण्याची चाल थायलंड, कंबोडिया, मलाया अशा आग्नेय आशियाई प्रदेशांत दूरवर पसरलेली आहे. त्यामुळे काही अभ्यासक शेगडी ही संहितांबाहेरची, लोकाचारातली आणि कदाचित अधिक जुनी चाल मानतात. वैद्यांनी तिला ‘स्वेदन’ (शेक देऊन घाम आणणे) या संज्ञेखाली नंतर सामावून घेतले असावे. दुसऱ्या मताप्रमाणे सूतिकागारातला रक्षोघ्न (राक्षसबाधा टाळणारा) अग्नीच हळूहळू बाजेखाली सरकला. दोन्ही मते अनुमानावर उभी आहेत. कोल्हापूर भागात लसूण आणि ओवा निखाऱ्यावर टाकताना ‘दृष्ट लागू नये’ आणि ‘अंग शेकावे’ ही दोन्ही कारणे एका दमात सांगितली जातात; हे पाहता दुसरे मत अगदीच टाकाऊ नाही. तथापि आग्नेय आशियातील साम्य इतके ठळक आहे की पहिल्या मताकडे कल झुकतो.

काश्यपसंहितेचा आधार घेताना तिच्या काळाविषयी सावध राहावे लागते. नेपाळात मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून पंडित हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून 1938 मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रंथ मध्यंतरी लुप्त झाला होता, अनायास नावाच्या यक्षाने तो जपला आणि काश्यपाचा शिष्य वृद्धजीवक याच्या वंशातील वात्स्याने त्याचा प्रतिसंस्कार (पुनर्संपादन) केला, अशी हकीकत ग्रंथच देतो. मूळ उपदेश इ. स. पूर्व सहाव्या शतकाइतका मागे नेणारे विद्वान आहेत. सूतिकेचा अध्याय मात्र खिल म्हणजे पुरवणी भागात असल्याने तो प्रतिसंस्काराच्या वेळचा, बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांनंतरचा, समजणे सुरक्षित ठरते.

देशभेद : कोल्हापूरच्या दृष्टीने या अध्यायाचे महत्त्व वेगळ्याच कारणासाठी आहे. सूतिकेचा उपचार देशपरत्वे बदलावा, असे तो स्पष्ट सांगतो. पाणथळ, दमट अशा आनूप देशात वातकफाचे विकार जास्त, म्हणून तेथे आरंभी स्नेह टाळून मंड (भाताची पातळ पेज), स्वेदन, वारा न लागणारी शय्या आणि सर्व उष्ण उपचार; कोरड्या जांगल देशात स्नेहावर भर; साधारण देशात मधला मार्ग. कुळाकुळाचे सात्म्यही (अंगवळणी पडलेला आहारविहार) पाहावे, असे त्याचे म्हणणे आहे.

एकाच जिल्ह्यात हे दोन्ही देश सापडावेत अशी कोल्हापूरची रचना आहे. सह्याद्रीच्या कड्यावरील गगनबावड्यात वर्षाला 5,000 मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे शिरोळ तालुक्यात तो 600 मिमी.च्या आतबाहेर असतो. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी या पश्चिम पट्ट्यात भात आणि नाचणी, पूर्वेकडे ज्वारी. श्रावणात चंदगडच्या घरात बाळुती चुलीवर धरल्याशिवाय सुकत नाहीत. तेथे बाजेखालची ऊब उपचार म्हणून जितकी लागते, तितकीच घर कोरडे ठेवण्यासाठीही लागते. शिरोळच्या चैत्र-वैशाखात बंद खोलीत तीच शेगडी बाळंतिणीचा घाम काढते आणि तिला तहानेने कासावीस करते, शिवाय ‘पाणी कमी पी’ हा सल्ला मिळतो तो वेगळाच. संहितेने सांगितलेला देशभेद रूढीत टिकलेला नाही. आनूप देशाचा उपचार सरसकट सगळीकडे चालू राहिला, असे म्हणण्यास जागा आहे.

किती दिवस, यावरही एकवाक्यता नाही. सुश्रुत दीड महिना सांगतो आणि पुन्हा ऋतुदर्शन होईपर्यंत, असे काहींचे मतही नोंदवतो. काश्यप सहा महिन्यांपर्यंत जातो. रूढीतला सव्वा महिना सुश्रुताच्या अवधीच्या जवळ पडतो आणि आधुनिक प्रसूतिशास्त्राच्या सहा आठवड्यांपेक्षा थोडाच कमी भरतो. मुस्लिम कुटुंबांत चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतात.

वेदना : कळांसाठी चरक ‘आवी’ हा शब्द वापरतो. त्या सुरू झाल्यावर स्त्रीने मुसळ घेऊन उखळात धान्य कांडावे, अशी त्याकाळी एका पक्षाची शिफारस होती. चरकसंहितेतील उपदेशक आत्रेयाने ती खोडून काढली आहे: गर्भिणीने कष्टाचे काम टाळावे हेच योग्य, त्यातून प्रसूतीच्या वेळी मुसळाच्या श्रमाने वायू प्रकोप पावून जिवाला धोका होतो, जांभई देणे आणि फेऱ्या मारणे मात्र चालेल. कळा येत असताना चालते-फिरते राहण्याचा सल्ला आजच्या प्रसूतिकक्षातही दिला जातो. पूर्वी घरी सुईण बाळंतिणीला उकिडवी बसवून पाठीमागून कोणाचा तरी आधार देई. दवाखान्यातल्या टेबलामुळे उताणे निजणे रूढ झाले.

बाळ जन्मल्यानंतरच्या कळांचे वर्णन सुश्रुतसंहितेत (शारीरस्थान, अध्याय 10) ‘मक्कल’ या नावाने येते. रूक्ष शरीराच्या स्त्रीचे रक्त पूर्ण न गेल्याने वायू ते अडवतो, नाभीखाली गाठ धरते आणि सुया टोचल्यासारख्या वेदना होतात, असे ते वर्णन आहे. यावर जवखार कोमट पाण्यातून किंवा तुपातून देण्यास सांगितले आहे. शरीरक्रियेच्या भाषेत हे गर्भाशयाचे आकुंचन होय. प्रसूतीनंतर लगेच नाभीच्या पातळीला जाणवणारा सुमारे एक किलो वजनाचा गर्भाशय दोन आठवड्यांत कटिरात उतरतो आणि सहा आठवड्यांत जवळजवळ पूर्ववत होतो. अंगावर पाजताना ऑक्सिटोसिन स्रवते, म्हणून नेमक्या त्या वेळी कळ उठते. पहिलटकरणीपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती अधिक जाणवते, हे जाणत्या बायका शास्त्राच्या आधाराविना सांगत आल्या आहेत. ओटीपोटावरील कोमट शेकाने अशा वेळी आराम पडतो. यात वाद नाही.

वाद टाक्यांचा आहे. योनिमार्गाजवळ फाटले किंवा छेद घेतला असेल, तर पहिल्या दिवसांत त्या जागी थंड शेक द्यावा आणि वेदनेसाठी पॅरासिटॅमॉल ही पहिली निवड असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या प्रसूतिपश्चात मार्गदर्शनात म्हटले आहे. बाळंतिणीच्या अंगाला बर्फ लावायचा, हे कोल्हापूरच्या कोणत्याही पेठेतल्या आजीला पटणे अवघड आहे. व्यवहारात टाक्यांना थंड आणि कंबरेला ऊन अशी तडजोड होऊ शकते, दोन्ही उपचारांची जागा वेगळी आहे. सिझेरियननंतरच्या ताज्या जखमेवर मात्र शेक किंवा धुरी देऊ नये.

धुराचे धोके स्पष्ट आहेत. बंद खोलीत कोळशाच्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि नवजात बाळ त्याच खोलीत असते. भाजण्याचे अपघात होतात. सव्वा महिना बाजेवरून न उठल्यास पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची शक्यता वाढते. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कारण नसताना रडू येणे साधारणपणे दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे उदासी टिकली तर तिला वैद्यकीय मदत लागते. या मानसिक बाजूची दखल जुन्या ग्रंथांनी ग्रहबाधेच्या भाषेत घेतली. पाचवीला सटवाईची पूजा मांडून रात्रभर बाळ-बाळंतिणीला एकटे न सोडण्याची रीत हीही एका अर्थाने पहारा ठेवण्याचीच व्यवस्था आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या कोल्हापूर खंडात (1886) हे जन्मविधी जातवार नोंदले आहेत, बाळंतिणीला काय दुखते-खुपते याविषयी मात्र तो गप्प आहे.

आहार : सुश्रुत पहिल्या दिवसांनंतर जव, बोरे व कुळीथ यांनी सिद्ध केलेल्या मांसरसाबरोबर साळीचा भात देतो. कोल्हापुरात यातले दोन घटक आजही ओळखू येतात. एक म्हणजे हुलग्याचे (कुळथाचे) माडगे. दुसरे मटणाचे अळणी, म्हणजे तिखट-मसाला पडण्यापूर्वी बाजूला काढलेले शिजवणीचे पाणी. याच पाण्यावर पुढे पांढरा आणि तांबडा रस्सा होतो. घरात बाळंतीण असली की पहिली वाटी तिची. शिरोळ-हातकणंगले भागातील जैन कुटुंबांत आणि इतर शाकाहारी घरांत अर्थातच ते नसते. तेथे तूप, मेथ्या, डिंक, खारीक-खोबरे यांवर भिस्त असते. आळिवाची खीर किंवा लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी आणि जेवणानंतर ओवा-बाळंतशेपा सर्वत्र. लाडवांत साखरेऐवजी गूळ असतो, आणि गुळाच्या या मुलखात त्याचे कारण विचारले जात नाही.

दवाखान्यातील बाळंतपण : कोल्हापूर संस्थानात पाश्चात्त्य पद्धतीची रुग्णसेवा आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयामुळे स्थिरावली. तेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय; लोक त्याला सीपीआर किंवा थोरला दवाखाना म्हणतात. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी येथे काम केले. पुढील शिक्षणासाठी संस्थानाने त्यांना परदेशी पाठवले होते. परपुरुषासमोर न जाणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर असणे ही त्याकाळी उपचाराची पहिली अट होती. 2000 पासून हे रुग्णालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. 2005 ची जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्तीची नेमणूक यांनंतर खेड्यातली बाळंतपणेही दवाखान्यात होऊ लागली. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. बाळंतिणीला 180 दिवस लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या असतात. पाठीच्या कण्यातून वेदनाशामक देण्याची सोय शहरातील काही खाजगी रुग्णालयांपुरती आहे.

सुईण गेली, पण न्हाऊ घालणारी बाई राहिली. शेगडी मात्र कमी होत आहे आणि त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याइतकेच फर्निचरही कारण आहे. सुंभाच्या बाजेची जागा प्लायवूडच्या दिवाणाने घेतल्यावर खालून ऊब वर येईल कशी? राजारामपुरी, कदमवाडीच्या फ्लॅटांत रबरी पिशवीतले गरम पाणी किंवा विजेची शेकपट्टी वापरतात. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून तिने शेकणे हा मधला प्रकार. औषधाच्या दुकानात क्रमांकवारी बाळंतकाढे मिळतात आणि ते आजही खपतात.

माहेरपण, बाज आणि सव्वा महिन्याची विश्रांती ज्यांना मिळते त्यांच्याविषयीच आतापर्यंत लिहिले गेले. जिल्ह्यातील साखर कारखान्यांसाठी दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतल्या स्त्रियांची काही बाळंतपणे फडाजवळच्या कोप्यांतच (झोपड्यांतच) होतात, आणि उचल (आगाऊ रक्कम) नवरा-बायकोच्या जोडीवर घेतलेली असल्याने बाळंतिणीला लवकर कोयता हाती घ्यावा लागतो. कोपीत बाज नसते, शेक चुलीजवळ बसून घेतला जातो.