स्थलांतरित मुलांची द्वैभाषिकता आणि शालेय यश

घरात एक भाषा आणि वर्गात दुसरी, अशा स्थितीत वाढणाऱ्या स्थलांतरित मुलांची भाषाक्षमता आणि शालेय प्रगती यांचा संबंध हा शिक्षणशास्त्रातील जुना वादविषय आहे. दोन भाषांमुळे बुद्धी मागे पडते, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत रूढ होता. चाचण्या बहुधा मुलांना धड न येणाऱ्या इंग्रजीत होत आणि घरची गरिबी सहसा हिशेबात धरली जात नसे. मानसशास्त्रज्ञ पील व लँबर्ट यांनी १९६२ मध्ये माँट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांची आर्थिक स्थिती लक्षात घेऊन तुलना केली, तेव्हा बुद्धिचाचण्यांत द्वैभाषिक मुले एकभाषिकांपेक्षा सरस ठरली. मात्र दोन्ही भाषांत तयार असलेलीच मुले त्यांनी निवडली होती, हे हा दाखला देणारे हमखास विसरतात.

कॅनडातील शिक्षणसंशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीत वर्गमित्रांची बरोबरी गाठायला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांना टोरांटोतील आकडेवारीत आढळले. मैदानात खेळताना, भांडताना न अडखळणारे मूल ‘बाष्पीभवनाची कारणे स्पष्ट करा’ या प्रश्नापाशी थबकते. तिथे हातवारे नसतात, समोरच्याचा चेहरा नसतो; सगळा भार शब्दांवर आणि वाक्यरचनेवर. बोलणे अस्खलित, मग अडते ते डोके, असा निष्कर्ष शिक्षक काढून मोकळे होतात. कमिन्स यांनी तपासलेल्या चारशेहून अधिक मानसशास्त्रीय अहवालांत ही गफलत वारंवार दिसली.

स्वीडनमधील फिनिश मुलांविषयी संशोधक स्कुतनाब-कांगस व तोउकोमा यांचा १९७६ चा अहवाल आहे. सुमारे दहाव्या वर्षी, मातृभाषेत लिहा-वाचायला शिकून आलेली मुले लहानपणीच आलेल्यांपेक्षा स्वीडिशमध्ये पुढे गेली, असे त्यात नोंदले आहे. मातृभाषेतले वाचन दुसऱ्या भाषेत कामी येते, हा विचार यातून बळावला. त्याच काळातील ‘अर्धभाषिकता’, म्हणजे मुलाला दोन्ही भाषा अर्धवटच येतात, ही कल्पना मात्र मुलांवरच उणेपणाचा शिक्का मारते म्हणून टीकेची धनी झाली, आणि ती टीका रास्त होती.

धोरण संशोधनाच्या मागून सरळ चालले नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनीभाषक विद्यार्थ्यांच्या ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये निकाल दिला, की सर्वांना तीच पुस्तके आणि तेच शिक्षक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. तरीही कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ मध्ये द्वैभाषिक शिक्षणावर कडक बंधने घातली. ती २०१६ मध्ये पुन्हा मतदानानेच उठली.