श्वासमार्गातील बाह्यवस्तू : बालकांच्या फुप्फुसांवरील दूरगामी परिणाम

मुलाच्या श्वासनलिकेत शिरलेली वस्तू वेळेवर न काढल्यास फुप्फुसात दीर्घकाळ टिकणारे बदल होऊ शकतात. असे रुग्ण बहुधा तीन वर्षांखालील असतात. भारतात शेंगदाणा वरचेवर आढळतो. चिंचोका, सीताफळाची बी, शिट्टी, खेळण्यांतील बारीक दिवे यांच्याही नोंदी आहेत.

सुरुवातीच्या जोरदार ठसक्यानंतर पुष्कळदा शांततेचा काळ येतो आणि निदान तेथेच चुकते. शेंगदाणा क्ष-किरण चित्रात दिसत नाही, त्यामुळे पुढचा खोकला दमा किंवा क्षय समजून महिनोन्‌महिने औषधे दिली जातात. म्हणून चित्र निर्दोष असले, तरी ठसक्याची हकीकत अधिक महत्त्वाची मानावी.

अडथळा अपुरा असेल, तर श्वास घेताना रुंदावणाऱ्या नलिकेतून हवा आत जाते. उच्छ्वासावेळी मात्र ती अडकते आणि तो भाग फुगतो. अडथळा पूर्ण असल्यास आतील हवा शोषली जाऊन तो भाग मिटतो. शेंगदाण्यातील तेलामुळे अस्तर सुजते व स्राव साचतो. वारंवार जंतुसंसर्ग झाला की नलिकेच्या भित्तीतील लवचिक व स्नायू ऊतक नष्ट होऊन ती कायमची रुंदावते. या विकारास ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. प्लॅस्टिकचा दाह तुलनेने कमी असल्याने तशी वस्तू वर्षानुवर्षेही राहू शकते.

या विकाराचे वर्णन फ्रेंच वैद्य लाएनेक यांनी १८१९ मध्ये केले. ‘कायमची’ हा शब्द व्याख्येत रूढ झाला असला, तरी बालकांच्या बाबतीत त्याविषयी मतभेद आहेत. वस्तू काढल्यानंतर रुंदावलेल्या नलिका पूर्ववत झाल्याचे सीटी स्कॅनमध्ये आढळले आहे; काहींच्या मते अशा नलिकांना हे नाव देणेच चूक होय. विकृतिशास्त्रज्ञ लिन रीड यांनी १९५० मध्ये दंडगोलाकार, गाठाळ व पिशवीसारखे असे तीन प्रकार मांडले. त्यांतील पहिला, विशेषतः फुप्फुसांची वाढ चालू असलेल्या लहान वयात, भरून येऊ शकतो. पिशवीसारखा क्वचितच, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यामुळे वस्तू काढल्यावर काही महिने थांबून पुन्हा तपासल्याखेरीज हानी कायमची ठरवू नये. वस्तू काढण्यातील ‘विलंब’ म्हणजे किती, याबाबत अभ्यासांत एकवाक्यता नसल्याने त्यांतील आकड्यांची तुलना जपूनच करावी लागते.

जर्मन वैद्य गुस्टाव्ह किलियान यांनी १८९७ मध्ये नळीवाटे श्वासनलिकेतील हाड काढले, तेव्हापासून दुर्बिणीचा उपचार विकसित होत गेला. मुलांमध्ये आजही ताठ दुर्बीण पसंत केली जाते. वस्तू काढूनही फुप्फुसाच्या एकाच खंडात संसर्ग होत राहिला, तरच तो खंड शस्त्रक्रियेने काढण्याचा विचार होतो.