सौर पूल-स्कीमर

पोहण्याच्या तलावाच्या पाण्यावर तरंगणारी पाने, फुले, कीटक, पिसे आणि धूळ फिरत फिरत गोळा करणारे, सूर्यप्रकाशावर चालणारे छोटे तरंगते यंत्र. पूलचा रोबो म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तळ घासत जाणारे यंत्र येते. हे त्यातले नव्हे. तळाशी बसलेला गाळ, टाइल्सच्या सांध्यातले शेवाळ किंवा पाण्यात विरघळलेला घाम यांच्याशी या यंत्राचा काही संबंध नाही. ते पाण्याचा वरचा काही सेंटिमीटरांचा थर झाडते, एवढेच. त्यामुळे ते कामाचे ठरते की नाही, हे यंत्राच्या कंपनीपेक्षा पूलवर अवलंबून असते : त्याच्यावर ऊन किती पडते, त्याच्या कडा कशा बांधल्या आहेत आणि भोवती झाडे कोणती आहेत. ठाणे व नवी मुंबईतल्या गृहसंकुलांत या तिन्ही गोष्टी इमारतीगणिक बदलतात.

वरचा थर झाडण्याला महत्त्व आहे ते वेळेमुळे. पाण्यावर पडलेले पान किंवा पाकळी सुरुवातीला तरंगते, भिजत जाते आणि काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत तळाला जाते. तरंगत असताना ती साध्या जाळीने निघते. बुडाल्यावर व्हॅक्यूम लावावा लागतो, व्हॅक्यूमसाठी पंप चालवावा लागतो, आणि तो गाळ फिल्टरच्या वाळूत गेला की बॅकवॉशला (पाणी उलटे फिरवून वाळू धुण्याला) भरपूर पाणी गटारात सोडावे लागते. कुजणारा पाला क्लोरीन खातो आणि त्यातून सुटणाऱ्या फॉस्फेटवर शेवाळ पोसले जाते. पाण्यात मोकळा क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग) आणि सामू (pH) ७.२ ते ७.८ राखायचा असेल, तर कचरा बुडण्याआधी उचलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

रचना व कार्य : यंत्राचा आकार जेमतेम एखाद्या छोट्या सुटकेससारखा असतो. वरच्या पाठीवर सौर पाटी, तिच्याखाली लिथियम बॅटरी, पुढच्या बाजूला फिरणारे वल्ह्यांचे चाक आणि पोटात बारीक जाळीचा काढता येणारा ट्रे, अशी सर्वसाधारण मांडणी असते. पुढचे चाक पाणी आणि त्यावरचा कचरा आत ओढते. पाणी जाळीतून बाहेर पडते, कचरा ट्रेमध्ये राहतो. यंत्र पुढे ढकलण्यासाठी मागे छोटे पंखे किंवा वल्ही असतात. भिंत आली की काही यंत्रे बाजूच्या चाकांवर घासत वळतात. काहींना ध्वनिलहरींचे संवेदक असतात आणि ती धडकण्याआधीच दिशा बदलतात. ठरलेला मार्ग आखून चालणारी यंत्रे यात कमीच. बहुतेक वेळा यंत्र वाटेल तसे भटकते आणि दिवसभरात पूलचा बहुतेक भाग त्याच्या वाटेत येऊन जातो. दिवसा साठलेल्या विजेवर ते सूर्यास्तानंतरही काही तास चालते.

पूल आपोआप साफ करणाऱ्या यंत्रांची सुरुवात तळापासून झाली. पंपाच्या ओढीवर चालणारे ‘क्रीपी क्रॉली’ १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोविए यांनी तयार केले. विजेवर चालणाऱ्या तळ-रोबोंसाठी ओळखली जाणारी मेट्रॉनिक्स ही कंपनी १९८३ मध्ये इस्राएलमधील एका किबुत्झवर (सामूहिक शेतीच्या वसाहतीत) सुरू झाली. पृष्ठभागावर फिरणारी सौर यंत्रे त्यानंतर बऱ्याच काळाने, २०१० च्या आसपास बाजारात आली. त्यांतले सोलर-ब्रीझ हे अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे. वर्षभर कोरडे ऊन, घरामागे स्वतःचा पूल आणि शेजारी उंच इमारत नाही, अशा प्रदेशात ही कल्पना रुजली. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर किंवा नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर तिला वेगळ्याच परिस्थितीशी गाठ घालावी लागते.

इथला कचरा : ठाणे-नवी मुंबईत पूलवर काय पडेल याचे जवळजवळ पंचांगच मांडता येते. जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे तुटलेला मांजा येतो. तो वल्ह्याच्या आसाभोवती गुंडाळला गेला की यंत्र जागेवर थरथरत राहते आणि आस मोकळा करायला कटर लागतो. मार्चपासून मेपर्यंत सोनमोहोर, वर्षावृक्ष आणि करंजाची फुले झडतात. सोनमोहोराची पिवळी पाकळी हलकी, सुरकुतलेली आणि संख्येने अफाट असते. वाऱ्याच्या एका झुळकीत पूलचा कोपरा पिवळा होतो. एप्रिल-मेमध्ये येऊरच्या किंवा खारघरच्या डोंगराकडून सावरीचा कापूस उडत येतो आणि ओला झाला की जाळीवर लेप चढवतो. ऑक्टोबरपासून सप्तपर्णीची बारीक फुले सुरू होतात. कबुतरांची पिसे बारा महिने असतात, आणि शेजारी बांधकाम चालू असेल (ते कुठे नसते?) तर सिमेंटची धूळही. ही धूळ बारीक जाळीतूनही निसटते. ती फिल्टरनेच अडवायची.

सर्वांत कसोटीचा कचरा जूनमध्ये येतो. पहिल्या दमदार पावसानंतरच्या संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी पूलच्या दिव्यांवर झेपावते आणि पंख तिथेच टाकते. सकाळी पाण्यावर त्या पारदर्शक पंखांची साय धरलेली असते. यंत्र ती चांगली गोळा करते, पण ओले पंख जाळीला असे चिकटतात की ट्रे नुसता आपटून रिकामा होत नाही. पाइपचे पाणी जाळीच्या उलट्या बाजूने मारावे लागते. तसे न करता ट्रे परत बसवला, तर जाळी तुंबते, पाणी आत येईनासे होते आणि यंत्र कचरा ओढण्याऐवजी पुढे लोटत राहते. लांबून पाहणाऱ्याला ते व्यवस्थित काम करताना दिसते.

ऊन आणि सावली : ठाण्याचा अक्षांश सुमारे १९.२ अंश उत्तर. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो दुपारीही क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच चढतो. यंत्राची पाटी पाण्याला समांतर, आडवी असते. गच्चीवरच्या पाट्यांसारखी ती दक्षिणेकडे कलती करता येत नाही. म्हणून हिवाळ्यात भर दुपारीही तिला थेट उन्हाचा पाऊण हिस्साच मिळतो.

हे नुकसान परवडते. परवडत नाही ती टॉवरची सावली. ९० मीटर उंचीच्या इमारतीची डिसेंबरातील दुपारची सावली उत्तरेकडे ८० मीटरांहून लांब जाते, आणि संकुलातला पूल बहुधा दोन-तीन टॉवरांच्या मध्ये, पोडियमवर (पार्किंगच्या मजल्यांवरच्या सामायिक गच्चीवर) असतो. अशा पूलला हिवाळ्यात दिवसाला दोन-तीन तास ऊन मिळाले तरी भाग्य. विक्रेत्याचे प्रात्यक्षिक मेमध्ये झाले, तर त्यात यातले काहीच दिसत नाही. कोटेशन मागवण्याआधी कमिटीने डिसेंबर-जानेवारीत एक दिवस सकाळी नऊपासून दर तासाला पूलचा फोटो काढून ठेवावा. त्याइतकी खात्रीची दुसरी चाचणी नाही. नवी मुंबईत सिडकोने आखलेल्या नोडमधील जुन्या, चार-पाच मजली इमारतींच्या किंवा रो-हाऊसच्या पूलांना ही अडचण फारशी येत नाही.

पावसाळ्यात गणित आणखी बिघडते. दाट ढगांत पाटीची वीज भर उन्हाच्या दहा-वीस टक्क्यांवर येते, आणि सरींच्या माऱ्याने कचरा तरंगण्याआधीच बुडतो. जून ते सप्टेंबर हे यंत्र जोडीला चार्जर असला तरच उपयोगाचे. काही यंत्रांबरोबर तो मिळतो. तो नसेल, तर या चार महिन्यांत लांब दांड्याच्या जाळीला पर्याय नाही.

पूलची कड : पूल दोन प्रकारचे असतात. एकात पाणी काठाच्या खाली असते आणि भिंतीत स्कीमरची, म्हणजे वरचे पाणी व कचरा पंपाकडे ओढून घेणारी, तोंडे बसवलेली असतात. दुसऱ्यात पाणी काठोकाठ असते आणि चारी बाजूंनी जाळीदार पन्हळीतून वाहून बॅलन्सिंग टँकमध्ये (ते पाणी साठवणाऱ्या टाकीत) जाते. स्पर्धांसाठी बांधलेले मोठे तलाव बहुधा दुसऱ्या प्रकारचे असतात. या ओव्हरफ्लो पूलमध्ये वरचा कचरा पंप चालू असेपर्यंत आपोआप कडेने वाहून जातो, तेव्हा सौर स्कीमर घेणे म्हणजे एकाच कामाला दोन माणसे लावणे. शिवाय पाण्याच्या वर भिंतच नसल्याने यंत्राला वळायला आधार सापडत नाही आणि त्याचे नाक पन्हळीच्या जाळीवर चढून बसते. खाडीकडे तोंड करून बांधलेल्या, पाणी एका कडेवरून खाली सोडणाऱ्या ‘इन्फिनिटी’ पूलमध्ये तर यंत्र कडेवरून ओघळू नये म्हणून तरंगती दोरी बांधावी लागते.

भिंतीतल्या स्कीमरच्या पूलला मात्र याची चांगली जोड होते. स्कीमरचे तोंड वारा ज्या टोकाकडे वाहत जातो तिथे असेल तरच कचरा त्यात जातो. नवी मुंबईत दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो, पाने पूर्वेच्या भिंतीला जाऊन थांबतात, आणि बांधणाऱ्याने तोंडे पश्चिमेला ठेवलेली असतात. असे पूल कमी नाहीत. तिथे फिरते यंत्र बांधकामातली चूक भरून काढते.

विजेची बचत : जाहिरातींत या यंत्राचे सर्वांत मोठे आकर्षण हेच असते, आणि सर्वांत जास्त फुगवलेलेही हेच. १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल पूलमध्ये सुमारे १ लाख ८ हजार लिटर पाणी असते. सहा ते आठ तासांत सारे पाणी एकदा फिल्टरमधून फिरावे, असा सामायिक पूलांसाठी संकेत आहे. दीड अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला, तर महावितरणच्या मीटरवर सुमारे ९ युनिट चढतात. उलट ५० बाय ३० सेंटिमीटरची पाटी २० टक्के कार्यक्षमतेने भर उन्हात ३० वॅट देते. दिवसभराचा हिशेब ०.१५ युनिटच्या आसपास. म्हणजे यंत्र स्वतः जवळजवळ काहीच खात नाही, हे खरे. पण त्यामुळे पंप बंद ठेवता येतो, हे खरे नाही. क्लोरीन सर्वत्र पोहोचवणे आणि गढूळपणा काढणे ही पंप-फिल्टरचीच कामे आहेत. खरी बचत व्हॅक्यूमच्या आणि बॅकवॉशच्या कमी होणाऱ्या फेऱ्यांत आहे, आणि उन्हाळ्यात पाणीकपात सुरू असताना टँकरने पूल भरणाऱ्या सोसायटीला तीच जास्त मोलाची वाटेल.

पूल ऑपरेटरची जागाही हे यंत्र घेत नाही. सकाळी पाण्याची तपासणी, औषधाची मात्रा, काठावरच्या टाइल्स घासणे, फिल्टर रूममधला दाब पाहणे हे सगळे उरतेच. शिवाय ट्रे रोज कोणीतरी रिकामा करायचाच असतो.

देखभाल : पाटी मऊ फडक्याने आठवड्यातून दोनदा तरी पुसावी. टँकरचे बोअरचे पाणी असेल, तर क्षारांचे पांढरे डाग लवकर धरतात, आणि कबुतरांची विष्ठा वाळली की पाटीचा तेवढा भाग मेल्यातच जमा. वल्ह्यांच्या आसात अडकलेले केस काढत राहावे. क्लोरीनचा जादा डोस देताना आणि लोक पोहत असताना यंत्र बाहेर काढावे. मुले त्याला खेळणे समजतात आणि त्याच्यावर बसायला पाहतात. बाहेर ठेवताना ते सावलीत ठेवावे, कारण तापलेल्या फरशीवर उन्हात पडलेली लिथियम बॅटरी लवकर निकामी होते. बाद बॅटरी भंगारवाल्याला द्यायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची, आणि आयात मालाच्या बाबतीत आयातदाराची आहे. खरेदीच्या वेळी बिल कोणाच्या नावाचे आहे हे पाहावे ते यासाठी. सुटा ट्रे, वल्हे, मोटर इथे मिळते का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

उघडे तलाव : हेच यंत्र ठाण्यातल्या मासुंदा किंवा उपवनसारख्या तलावांत सोडावे, अशी सूचना अधूनमधून कोणी करते. तिथला तरंगता कचरा वेगळ्या जातीचा असतो : निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, जलपर्णी. पूलच्या यंत्राचा काही लिटरांचा ट्रे काही मिनिटांत भरेल आणि पहिलीच पिशवी वल्ह्यात अडकेल. त्या कामासाठी पट्ट्याने कचरा वर ओढणारी मोठी यंत्रे वेगळी असतात. बाल्टिमोर बंदरात नदीच्या मुखाशी २०१४ पासून उभे असलेले, पाण्याच्या प्रवाहावर आणि प्रवाह मंदावला की सौरऊर्जेवर चालणारे ‘मिस्टर ट्रॅश व्हील’ हे त्यांतले प्रसिद्ध उदाहरण. मात्र ते एका जागी उभे राहते आणि कचरा नदीने वाहत आणावा लागतो. ठाण्याच्या तलावांत असा प्रवाह नाही, त्यामुळे इथे कचऱ्यापर्यंत जाणारी होडीच लागते.