तीन मिनिटांची तबकडी आणि एकच मायक्रोफोन: ओल्ड-टाइम व ब्लूग्रास संगीताची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या दक्षिणेतलं डोंगरी संगीत, ज्याला आता ओल्ड-टाइम म्हणतात आणि ज्यातून 1940 च्या दशकात ब्लूग्रास ही वेगवान शैली निघाली, ते बाजारात आलं फर्निचरच्या दुकानातून. 1920 च्या आसपास फोनोग्राफ हे दिवाणखान्यात मांडायचं लाकडी कपाट होतं. त्यामुळे तो फर्निचरवाला विकायचा आणि तबकड्याही तोच ठेवायचा. अटलांटातले असेच एक फर्निचर व्यापारी पोल्क ब्रॉकमन ओके कंपनीच्या तबकड्यांचं वितरण करत. त्यांच्या आग्रहावरून कंपनीचे राल्फ पीअर जून 1923 मध्ये ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन अटलांटाला आले आणि फिडलिन जॉन कार्सन या तिथल्याच फिडलवादकाच्या (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) दोन बाजू मुद्रित केल्या. पीअर यांना ते गाणं भयंकर वाटलं. ब्रॉकमन मात्र आपल्या गिऱ्हाइकाला ओळखून होते. कार्सन शहरातल्या फिडल स्पर्धांमध्ये गाजलेले होते आणि डब्ल्यूएसबी रेडिओवर लोक त्यांना ऐकत होते. ब्रॉकमन यांनी 500 प्रती मागवल्या. कंपनीने सूचीत क्रमांकही न देता त्या काढल्या, त्या बघता बघता खपल्या आणि मग ती तबकडी रीतसर सूचीत आली.

याच्या वर्षभर आधी, 1922 च्या उन्हाळ्यात, टेक्ससचे ‘एक’ (Eck) रॉबर्टसन हे फिडलवादक न्यूयॉर्कला जाऊन व्हिक्टर कंपनीसाठी फिडल वाजवून आले होते. पण या संगीताला गिऱ्हाईक आहे हे कंपन्यांना पटलं ते कार्सनच्या खपामुळे.

तबकड्या आणि रेडिओ येण्याआधी हे संगीत सहसा कुणाला ‘ऐकवलं’ जात नव्हतं. ते नाचासाठी, घरच्या ओसरीवर, कामाच्या जोडीला वाजत असे. फिडल ब्रिटिश बेटांतून आलेल्या लोकांनी आणलं, बॅंजोची (गोल घेऱ्यावर कातडं ताणलेलं, लांब मानेचं तंतुवाद्य) कुळी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या भोपळ्याच्या वाद्यांतली, आणि दोन्ही एकत्र वाजवण्याची रीत काळ्या व गोऱ्या वादकांनी मिळून रुजवली. पुढच्या शंभर वर्षांत ते अनोळखी माणसाच्या कानापर्यंत पोचवायला जे साधन मिळालं, त्याने दरवेळी संगीताचाच घाट बदलला. म्हणून जुनं मुद्रण कुणाला ऐकवायचं असेल तर ते कोणत्या साधनातून आलं हे आधी पाहावं.

पहिलं साधन दहा इंची तबकडी. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. ओल्ड-टाइम धून साधारणपणे दोन भागांची असते. प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा, तो दोनदा वाजतो, म्हणजे एक आवर्तन 32 खंडांचं, खंडाला दोन ठोके. नाचाच्या लयीत, मिनिटाला 115 च्या आसपास ठोके धरले, तर असं एक आवर्तन साधारण 33 सेकंदांत संपतं. तबकडीवर पाच-सहा आवर्तनं बसतात. प्रत्यक्ष नाचात हीच धून दहा-पंधरा मिनिटं चालते, आणि तिचा खरा अंमल सातव्या-आठव्या आवर्तनानंतर चढतो, जेव्हा वादक हात मोकळे सोडून बारीक बारीक फरक करू लागतात. आपल्याकडच्या ख्यालगायकांनाही याच तीन मिनिटांत राग बसवावा लागला होता, तेव्हा ही कोंडी मराठी श्रोत्याला नवी नाही. लांबलचक कथागीतांचं आणखी नुकसान झालं. वीस कडव्यांतली पाच-सहा उरली, आणि काही गाण्यांत खून का झाला हेच गळून गेलं.

1925 पर्यंत वादकाला कर्ण्यासमोर बसून वाजवावं लागे. बॅंजो आणि फिडल कर्ण्यात नीट उतरत, गिटार आणि हळू आवाजातलं गाणं बुडून जाई. त्या वर्षी विजेवरचं, मायक्रोफोनचं मुद्रण सुरू झालं आणि गिटार ऐकू येऊ लागली. 1927 च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात पीअर यांनी, आता व्हिक्टरसाठी, दहा-बारा दिवस मुक्काम ठोकून जी मुद्रणं केली, ती या नव्या तंत्रामुळेच तशी वाजतात. कार्टर कुटुंब या गाणाऱ्या ताफ्यातल्या मेबेल कार्टर अंगठ्याने गिटारच्या खर्जाच्या तारांवर चाल वाजवत आणि बोटांनी वरच्या तारांवर ताल धरत. कर्ण्यापुढे ते कुणाला कळलंही नसतं. कार्टर कुटुंब आणि गायक जिमी रॉजर्स, दोघांचं पहिलं मुद्रण याच मुक्कामातलं.

कंपन्यांनी सूची मात्र वर्णावर वाटली. कोलंबियाने काळ्या कलावंतांसाठी 14000 ची मालिका ठेवली आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांसाठी 15000 ची. काळे फिडलवादक आणि तंतुवाद्यांचे काळे ताफे दक्षिणेत भरपूर होते; पण ‘ब्लूज गा’ असं सांगून कंपन्यांनी त्यांच्या नाचाच्या धुना फारशा मुद्रितच केल्या नाहीत. परिणामी केवळ तबकड्यांवर विसंबणाऱ्याला हे गोऱ्यांचंच संगीत वाटतं. कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला गावोगाव फिरत तेव्हा चाली लक्षात ठेवायला लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक सोबत असे. पुढे ब्लूग्रासचे जनक म्हणून ओळखले गेलेले बिल मन्रो पोरवयात आर्नल्ड शुल्ट्झ या काळ्या गिटार-फिडलवादकाबरोबर नाचाला साथ करत, पण शुल्ट्झचं एकही मुद्रण नाही. नॉर्थ कॅरोलायनाचे फिडलवादक जो थॉम्पसन 2012 पर्यंत हयात होते. त्यांच्याकडे शिकलेल्या तरुणांनी 2005 मध्ये कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा ताफा काढला, तेव्हा कुठे ही बाजू मोठ्या श्रोतृवर्गापुढे आली.

दुसरं साधन रेडिओ. शिकागोच्या डब्ल्यूएलएसने एप्रिल 1924 मध्ये शनिवारचा ‘बार्न डान्स’ सुरू केला. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएमवर 28 नोव्हेंबर 1925 ला 77 वर्षांचे फिडलवादक अंकल जिमी थॉम्पसन बसले आणि तिथून पुढे ग्रँड ओल ऑप्री हा दर आठवड्याचा रेडिओ कार्यक्रम उभा राहिला. स्टेशनची मालक होती एक विमा कंपनी. विमा प्रतिनिधीला घराच्या दारात बोलायला विषय मिळावा हा हिशेब. 1932 मध्ये डब्ल्यूएसएम 50,000 वॅटवर गेलं. मध्यम लहरी रात्री आयनावरणावरून परततात आणि 650 किलोहर्ट्झवर रात्री दुसऱ्या स्टेशनची गर्दी नव्हती, म्हणून नॅशव्हिलचा आवाज शेकडो मैलांवरच्या शेतघरात जाई. मेक्सिकोच्या हद्दीतली स्टेशनं तर अमेरिकी नियमांच्या बाहेरच होती. त्यांतल्या एक्सईआरएवर 1938 पासून कार्टर कुटुंब गात असे.

लहान स्टेशनांवर पगार नसे किंवा नावापुरता असे. ताफ्याला पहाटेची किंवा दुपारची पंधरा मिनिटं मिळत. त्यात प्रायोजकाचं पीठ किंवा औषध विकायचं, संध्याकाळी कुठल्या शाळेत कार्यक्रम आहे ते सांगायचं, गाण्यांच्या पुस्तिका टपालाने खपवायच्या. वर्ष-दोन वर्षांत आसपासच्या सगळ्या शाळा वाजवून झाल्या की तिकीट खपेनासं होई आणि ताफा दुसऱ्या स्टेशनाकडे निघे. पंधरा मिनिटांत चार-पाच गाणी, दोन जाहिराती, एक भजन आणि एक विनोद बसवायचा म्हणजे रटाळपणा परवडत नाही. ब्लूग्रासची घाई, नेमकेपणा, एक सेकंदही मोकळा न सोडण्याची सवय मला या घड्याळातून आलेली दिसते.

मन्रो ऑक्टोबर 1939 मध्ये ऑप्रीवर आले. केंटकीच्या रोझीन गावचा हा मेंडोलिनवादक गाणी बी-फ्लॅट, बी अशा पट्ट्यांत गाई. आवाज ताणून चढतो म्हणून. फिडलवाल्याला तिथे मोकळ्या तारांचा आधार मिळत नाही, त्याची तारांबळ होई. 1945 मध्ये गिटारवर लेस्टर फ्लॅट आणि डिसेंबरात बॅंजोवर अर्ल स्क्रग्ज आले. फिडलवर चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स. सप्टेंबर 1946 आणि ऑक्टोबर 1947 मध्ये शिकागोत कोलंबियासाठी या पाच जणांनी जे मुद्रित केलं त्याला पुढे ब्लूग्रासचा नमुना मानलं गेलं. 1948 मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज बाहेर पडले.

दोन शैलींतला फरक बॅंजोवर सगळ्यात चटकन कळतो. ओल्ड-टाइमचा क्लॉहॅमर हात नखाची पाठ तारेवर खाली मारतो आणि अंगठ्याने आखूड पाचवी तार छेडतो. ती सतारीच्या चिकारीसारखी सतत वरच्या षड्जावर बोलते. स्क्रग्ज पद्धतीत नख्या घातलेला अंगठा खाली आणि दोन बोटं वर तारा छेडतात आणि आठ-आठ स्वरांची अखंड साखळी निघते. नेहमीची जुळवणी पाचव्या तारेपासून वरचा सा, मग प सा ग प. ओल्ड-टाइममध्ये पुष्कळदा ग एका पडद्याएवढा चढवून म करतात. मग धून मेजर की मायनर हे ठरवताच येत नाही. फिडलच्याही खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवून सा प सा प अशी जुळवणी करतात, त्यामुळे एका तारेवर चाल वाजताना शेजारची घुमत राहते. प्रमाण जुळवणीतल्या फिडलवर तीच धून वाजवली की ती रोडकी वाटते. चूक वादकाची नसते, जुळवणीची असते.

मन्रोंच्या काळात सगळा ताफा एका मायक्रोफोनपुढे उभा राही. आवाजाचा समतोल पायांनी साधायचा: ब्रेक (एकेकट्याने पुढे येऊन वाजवायचा तुकडा) घेणारा पुढे सरकतो, संपताच बाजूला होतो, तीन गाणारे डोकी जुळवतात, बॅंजो एक पाऊल मागेच राहतो, बास सगळ्यांत मागे. 1990 च्या दशकात डेल मॅकूरी यांच्या ताफ्याने ही पद्धत मंचावर पुन्हा आणली. आज ती करायची तर मोठ्या पडद्याचा एक कंडेन्सर मायक्रोफोन छातीपासून हनुवटीच्या दरम्यान लावतात, गाणारे वीतभर-दीड वीत दूर. मंचावरचे मॉनिटर बंद ठेवावे लागतात किंवा अगदी हळू, नाहीतर मायक्रोफोन तोच आवाज उचलतो आणि शिट्टी सुरू होते. बासला वेगळा मायक्रोफोन किंवा पिकअप दिलेला बरा. बोलणाऱ्या गर्दीत आणि वाऱ्याच्या मैदानात ही पद्धत हरते. तिथे प्रत्येकाला आपला मायक्रोफोन द्यावाच लागतो.

1952 मध्ये फोकवेज या तबकडी कंपनीने हॅरी स्मिथ यांच्या संग्रहातली 84 मुद्रणं सहा एलपींवर (जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांवर) काढली. सगळी 1920 च्या उत्तरार्धातली आणि 1929 नंतरच्या महामंदीच्या सुरुवातीची, म्हणजे जेमतेम पंचवीस वर्षांची जुनी, पण शहरी तरुणांना ती दुसऱ्या युगातली वाटली. सोबतच्या पुस्तिकेत स्मिथ यांनी प्रत्येक गाण्याचं कथानक वर्तमानपत्री मथळ्यासारखं दिलं आणि कलावंताचा वर्ण कुठेच सांगितला नाही. कित्येकांना मिसिसिपी जॉन हर्ट हे काळे गायक गोरे वाटले. हे गायक मेलेत असं धरून चाललेल्या श्रोत्यांना पुढच्या दशकात धक्के बसले: क्लॅरन्स अ‍ॅशली 1960 मध्ये भेटले, हर्ट आणि डॉक बॉग्ज 1963 मध्ये. 1958 मध्ये माइक सीगर, जॉन कोहेन आणि टॉम पेली यांनी काढलेला न्यू लॉस्ट सिटी रॅम्बलर्स हा ताफा जुन्या तबकड्यांची वादनशैली जशीच्या तशी मंचावर आणे आणि मूळ कलावंताचं नाव सांगे. हे नाव सांगणं मला त्यांच्या वादनाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

कार्ल्टन हेनी यांनी सप्टेंबर 1965 मध्ये व्हर्जिनियात फिनकॅसलजवळ घोड्यांच्या फार्मवर तीन दिवसांचा ब्लूग्रास महोत्सव भरवला, तेव्हापासून श्रोताच वाद्य घेऊन येऊ लागला. ओल्ड-टाइमवाल्यांचे मेळावे जुने: व्हर्जिनियातल्याच गॅलॅक्स गावची फिडल स्पर्धा 1935 पासूनची. दोन्हीकडे खरी मैफल वाहनतळावर जमते, पण रीत वेगळी. ब्लूग्रासच्या घोळक्यात गाणारा पट्टी सांगतो, ब्रेक नजरेच्या इशाऱ्याने फिरतो आणि दुसऱ्याच्या ब्रेकवर इतरांनी आवाज खाली आणायचा असतो. ओल्ड-टाइममध्ये ब्रेक नाहीत. सगळे एकच चाल एकत्र वाजवतात, धून काढणारा पाय उचलतो तेव्हा शेवटचं आवर्तन. बॅंजोची जुळवणी पुन्हा पुन्हा बदलावी लागू नये म्हणून एका पट्टीतच तास-दोन तास बसतात. नवखा वादक पाचव्या मिनिटाला डी पट्टीतली धून काढतो आणि अख्खा घोळका खुंट्या पिळत बसतो.

आज बहुतेकांपर्यंत हे सगळं डिजिटल प्रतींतून येतं, आणि वाईट प्रतींमुळे पुष्कळ जणांचं मत बिघडतं. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीला सुमारे 0.07 मिलिमीटर टोकाची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी बारीक, ती खाचेच्या तळाशी घासते आणि खरखरच उचलते. आताच्या प्रीअँपमधली आरआयएए भरपाई (मुद्रणात चढवलेले उंच स्वर वाजवताना पुन्हा खाली आणणारी प्रमाण योजना) 1954 नंतरच्या तबकड्यांसाठीची आहे. जुन्या मुद्रणाला ती लावली की 10 किलोहर्ट्झला जवळपास 14 डेसिबल कापले जातात आणि फिडल रजईखाली वाजल्यागत होतं. जुन्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांच्या नसत. वेग पट्टीवरून ठरवतात, तोही जपून, कारण वादक पुष्कळदा प्रमाण स्वराच्या वर-खाली वाद्य लावत. धुताना अल्कोहोल वापरू नये: लाखेची तबकडी विरघळते. (ही लाख मुख्यतः भारतातून जात असे.) आणि खरखर काढणारं सॉफ्टवेअर जास्त ओढलं तर गजाची घासणी आणि बॅंजोच्या तारेचा पहिला टणत्कार आधी जातो.

हक्कांचा प्रश्न गुंतागुंतीचा, पण तारखा स्पष्ट आहेत. अमेरिकेच्या 2018 च्या कायद्याप्रमाणे 1923 आधीची ध्वनिमुद्रणं 1 जानेवारी 2022 पासून सर्वांसाठी खुली झाली. 1923 ते 1946 मधल्या प्रकाशित मुद्रणांना शंभर वर्षं, 1947 ते 1956 मधल्यांना एकशे दहा. रचनेचा हक्क वेगळा, 95 वर्षांचा. कार्सनची 1923 ची तबकडी 2024 मध्ये मोकळी झाली; 1927 मध्येच बाजारात आलेल्या ब्रिस्टलच्या तबकड्या 1 जानेवारी 2028 ला होतील. मन्रोंच्या 1946-47 च्या मुद्रणांना बराच अवकाश आहे, त्यातही कोणती बाजू कोणत्या वर्षी बाजारात आली हे प्रत्येक तबकडीसाठी स्वतंत्र पाहावं लागतं, कारण मोजणी मुद्रणाच्या नव्हे, प्रकाशनाच्या वर्षापासून होते.