पॅनेथ पेशी (घोड्याच्या आतड्यातील)

घोड्याच्या लहान आतड्यातल्या लिबरक्यून ग्रंथींच्या तळाशी असणाऱ्या स्रावी पेशी. आतड्याच्या अस्तरावर रसांकुर बोटांसारखे उभे असतात आणि त्यांच्या मुळाशी या नळीसारख्या ग्रंथी उघडतात. नळीच्या अगदी बुडाला, मूलपेशींना खेटून, पॅनेथ पेशी बसलेल्या दिसतात. गुस्टाफ श्वाल्बे यांनी १८७२ मध्ये त्यांची नोंद केली होती, पण नाव मिळाले ते १८८८ मध्ये सविस्तर वर्णन करणाऱ्या व्हिएन्नाच्या योझेफ पॅनेथ यांचे. दोनच वर्षांनी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते वारले.

कुत्रा आणि मांजर यांच्या आतड्यात नेहमीच्या स्वरूपातील पॅनेथ पेशी सापडत नाहीत. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या तर घोड्याच्या आतड्याची काचपट्टी सोयीची.

पेशी बुडाशी रुंद, टोकाला निमुळती असते. केंद्रक तळाशी असते. त्याच्याभोवती खडबडीत अंतर्द्रव्यजालिकेचे थर दाटलेले असल्याने हिमॅटॉक्सिलिन या रंगद्रव्याने हा भाग निळसर रंगतो. केंद्रकाच्या वर गॉल्जी पिंड आणि त्याही वर, आतड्याच्या पोकळीच्या बाजूला, इओसिन या रंगद्रव्याने लालभडक होणाऱ्या गोल कणिका. त्यांत लायसोझाइम आणि डिफेन्सिन ही जंतुनाशक प्रथिने भरलेली असतात.

कणिका पेशीच्या कोणत्या टोकाला आहेत यावरून स्राव कुठे जाणार हे कळते. शेजारच्या अंतःस्रावी पेशींत कणिका केंद्रकाच्या खाली असतात, कारण त्यांची संप्रेरके पोकळीत नव्हे, खालच्या ऊतीत आणि केशवाहिन्यांत उतरतात. श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) बनवणाऱ्या चषक पेशींत मात्र त्या श्लेष्म्याने वरचा भाग फुगून केंद्रक तळाशी दाबले जाते. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या नेहमीच्या रंजनात तो वरचा भाग रिकामा भासतो. श्लेष्मा दाखवणाऱ्या पीएएस (पीरिऑडिक ॲसिड-शिफ) रंजनाने किरमिजी होतो. मोठ्या आतड्याकडे जाताना चषक पेशींचे प्रमाण वाढते.

नमुना घेताना घाई करावी लागते. आतड्याचे अस्तर मृत्यूनंतर फार लवकर विघटित होते. पोटशुळाने मेलेल्या घोड्याचे शवविच्छेदन दुसऱ्या दिवसावर गेले, तर रसांकुरांचे शेंडे गळालेले आणि पेशींच्या कडा पुसट झालेल्या मिळतात. तुकडा ताजा असतानाच तो आहे तसा टिकवण्यासाठी (स्थिरीकरणासाठी) १० टक्के उदासीन फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. ॲसिटिक आम्ल असलेली स्थिरीकरण द्रावणे इथे टाळलेली बरी, कारण त्यांत पॅनेथ कणिका विरघळतात आणि पेशी जागेवर असूनही ओळखू येत नाही.