हळदीच्या जनुकाशिवाय हळदीचा रंग

‘सेलम जातीची हळद जीएम आहे, म्हणजे तिची जनुकं प्रयोगशाळेत बदललेली आहेत, म्हणून तर इतकी पिवळी,’ असा मेसेज वसमतच्या आमच्या मामांनी पाठवला. त्यांचं दोन एकर हळदीचंच रान. मामा, तसं काही नाही. आपल्याकडे व्यापारी लागवडीला परवानगी असलेलं जीएम पीक एकच, 2002 पासूनचा बीटी कापूस. हळदीचा तर साधा संकरसुद्धा जिकिरीचा. तिच्या पेशीत बहुधा गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण 63. तिघांच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून बी सहसा धरत नाही आणि आपण गड्डेच बेणं म्हणून लावतो.

ओला गड्डा मोडला की आत दिसतो तो नारिंगी-पिवळा रंग कर्क्युमिनचा. हा रेणू घडतो कसा, ते बघण्यासारखं आहे. फेरुलॉइल नावाचा 10 कार्बनचा तुकडा पेशीत तयार असतो. एक एन्झाइम त्याला मॅलोनिल नावाच्या दुसऱ्या तुकड्यातले दोन कार्बन जोडतं. दुसरं एन्झाइम त्यातला एक कार्बन डायऑक्साइडच्या रूपात उडवून पलीकडून आणखी एक फेरुलॉइल चिकटवतं. 10 अधिक 1 अधिक 10, झाले 21. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाआड एक दुहेरी बंध. त्यांवर पसरलेले इलेक्ट्रॉन निळा-जांभळा प्रकाश शोषतात, उरतो पिवळा. साबण किंवा चुना लागला की रेणूवरचे हायड्रोजन सुटतात, शोषण हिरव्याकडे सरकतं आणि डाग लाल होतो. धुणं धुताना हे रोज दिसतं. चुन्याच्या पाण्यात हळद टाकून ‘करणीचं रक्त’ दाखवणारा बुवा एवढंच करतो. त्याला पैसे देऊ नका.

जीएमचा संबंध येतो तो वेगळ्याच ठिकाणी. जपानी संशोधकांनी 2008 मध्ये ई. कोलाय जिवाणूकडून कर्क्युमिन करून घेतलं. मुख्य जनुक भाताचं! भाताच्या त्या एन्झाइमला वरची दोन्ही कामं एकट्याला जमतात. बाकीची जनुकं इतर वनस्पतींची आणि सूक्ष्मजीवांची. हळदीचं एकही नाही. जिवाणूला फेरुलिक आम्ल दिलं आणि तोच रेणू मिळाला, अणूला अणू जुळणारा. त्यामुळे ‘जीएम म्हणजे विषारी रंग’ हे मला पटत नाही. मात्र असा रंग बाजारात आला, तर तो जिवाणू वाढवायच्या टाकीतला की शेतातला, हे पाकिटावर छापलंच पाहिजे.

मामांचा खरा प्रश्न दराचा होता: अशा रंगामुळे हळदीचा भाव पडेल का? हळदीचा वास टरमेरोनसारख्या तेलांचा असतो, तो या जिवाणूकडे नाही. फोडणीला हळकुंडाचीच पूड लागणार. नुसत्या रंगासाठी कर्क्युमिन घेणारा कारखानदार मात्र, टाकी स्वस्त पडली तर, तिकडे वळेल.