इंजिन नव्याने बांधलं, आता कार्ब्युरेटर कोणता?

क्रँक ग्राइंड झाली, नवे पिस्टन बसले आणि त्यावर झिजलेला कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) चढवला, तर सगळ्या खर्चावर पाणी. बदलायचाच तर थोडा मोठा घेऊ, असं अनेकांना वाटतं. चूक इथेच होते.

प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीचं इंजिन १०८९ सीसी. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच आपल्या मापाची हवा ओढतं. म्हणजे ४८०० आरपीएमला मिनिटाला २६१३ लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून ८० टक्के धरा, सुमारे २१०० लिटर. व्हेंचुरीचा, म्हणजे आतल्या अरुंद गळ्याचा व्यास २४ मिमी असेल तर ही हवा सेकंदाला ७७ मीटर वेगाने जाते. ३० मिमी असेल तर ४९ मीटरने. पेट्रोलला वर खेचणारी ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. त्यामुळे मोठ्या गळ्यात ती निम्म्याहूनही कमी होते. कमी आरपीएमला पेट्रोलचे बारीक तुषार होत नाहीत, आणि साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या चढावर पाय दाबला की गाडी गचके खाते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, थोडा वाढवला असला तरी मूळ मापाचाच कार्ब्युरेटर घ्यावा.

जुन्या बाजारातला घेत असाल तर थ्रॉटलचं स्पिंडल, म्हणजे हवेची झडप ज्यावर फिरते तो दांडा, दोन बोटांत धरून वरखाली हलवा. खडखडलं तर तिथून कार्ब्युरेटर बाहेरची हवा ओढणार. मग स्लोचा (पाय न दाबता इंजिन चालू असतानाचा) मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा, इंजिन एका लयीत चालत नाही. खालची फ्लँज, म्हणजे इंजिनावर बसणारी चपटी कड, सपाट काचेवर ठेवून पाहा. बोल्ट जास्त आवळून ती बरेचदा वाकलेली असते. नवं पॅकिंग टाकून ते झाकलं जात नाही.

आता जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं बूच. सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत तयार होणारं इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण साधारण ८ टक्के पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. इंजिन तापतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायची भीती असते. पद्मिनीच्या सोलेक्स कंपनीच्या कार्ब्युरेटरमधल्या जेटवरचा आकडा मिलिमीटरचे शतांश सांगतो: १२० म्हणजे १.२० मिमी. त्याजागी १२५ टाकला की भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. जेट विकतच घ्या. तार घालून भोक वाढवलं तर ते वेडंवाकडं होतं. पंपाचा डायफ्राम आणि पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणाऱ्या रबराचीच हवी, साधं रबर फुगतं.

सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, महाबळेश्वर १३५० वर. तिथे हवा सात-आठ टक्के विरळ, त्यामुळे मिश्रण आपोआप सुमारे ४ टक्के घट्ट होतं. दोन दिवसांच्या फेरीसाठी जेट बदलू नका. घट्ट मिश्रणाने प्लग काळे होतात, ते पुसता येतात. बारीक जेट तसाच राहून खाली सपाटीवर गाडी पळवली तर व्हॉल्व्हच जातो.

शेवटी प्लग पाहा. पाच-सहा किलोमीटर दमाने चालवून गाडी बाजूला घ्या आणि स्लोवर घुमू न देता लगेच बंद करा. इंजिन निवल्यावर प्लग काढा. टोकाचं चिनी मातीचं इन्सुलेटर फिकट तपकिरी असेल तर जेट बरोबर. पांढरंफटक दिसलं तर पुढच्या मापाचा टाका.